अंगणाची राखण आणि माणसावर पाळत : घरगुती सुरक्षा-कॅमेऱ्याची मांडणी

रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत किंवा मोटारखान्यापर्यंत गेलेल्या खाजगी वाटेला इंग्रजी बोलणाऱ्या देशांत स्वतंत्र नाव आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, आणि तो नसणे स्वाभाविक होय. कारण ती वस्तूच आपल्याकडे अंगणापासून वेगळी काढलेली नव्हती. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर यांसारख्या गावी फाटक आणि ओसरी यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिला अंगण हे एकच नाव असून (वऱ्हाडी उच्चारात ते 'अंगन' होते) तीच वाहनाची वाट, तीच मुलांची खेळण्याची जागा आणि तेच लग्नाच्या मांडवाचे ठिकाण. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर तेथेच उभा राहतो; ऑक्टोबरात सोयाबीनची पोती बाजार समितीत जाईपर्यंत तेथेच थप्पी लावून पडलेली असतात. अशा अंगणावर रोखलेला सुरक्षा-कॅमेरा ही आता तालुक्याच्या गावी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तो कसा बसवावा, त्याच्याकडून काय मागावे आणि तो कोठे थांबवावा, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परका वाटण्याचा संभव आहे. परंतु या प्रश्नांपैकी सर्वांत अवघड प्रश्नाचे उत्तर मराठीच्या विभक्तिव्यवस्थेत बऱ्याच अंशी आधीच दिलेले आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

लक्ष ठेवण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पहारा, जागल, राखण, टेहळणी, पाळत हे सर्व शब्द स्थूलमानाने एकाच अर्थक्षेत्रातील आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या कल्पना भिन्न आहेत. 'पहारा' हा शब्द संस्कृत 'प्रहर' यापासून आलेला आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी पाहणे नसून वेळ आहे : रात्रीचे प्रहर वाटून घेऊन ज्याने त्याने आपापल्या प्रहरास जागे राहावयाचे, हा त्यातील मूळ व्यवहार. 'जागल' हा तर उघडच जागण्याचा शब्द. पीक काढणीला आले म्हणजे शेतकरी जागलीला जातो. तेथे तो काय पाहतो यापेक्षा तो जागा आहे आणि आपण जागे असल्याचे इतरांस कळविण्यासाठी आरोळी देतो, यालाच महत्त्व असते. 'राखण' या शब्दाचे मूळ संस्कृत 'रक्ष्' या धातूत आहे, आणि 'पाळत' या शब्दाचे नाते 'पाळणे' या क्रियापदाशी, म्हणजे पर्यायाने पालन व रक्षण यांच्याशीच आहे. मुळात जवळजवळ समानार्थी असलेले हे शेवटचे दोन शब्द आज इतके दूर गेले आहेत की, एक सत्कृत्य सांगतो आणि दुसरा संशय.

हे अंतर केवळ अर्थच्छटेचे नाही. ते वाक्यरचनेतही उतरले आहे. राखण 'ची' असते : शेताची राखण, घराची राखण, गुरांची राखण. पाळत 'वर' असते : माणसावर पाळत, घरावर पाळत, त्याच्या येण्याजाण्यावर पाळत. 'शेतावर राखण' म्हटले तर राखणदार शेतावर राहतो एवढाच स्थलवाचक अर्थ होतो, आणि 'माणसाची पाळत' ही रचना कानाला अपुरी वाटते. ज्याची राखण करावयाची ती वस्तू राखणाऱ्याच्या संबंधातली असते, निदान त्याच्या हवाली केलेली असते. षष्ठी विभक्ती हा संबंध दाखविते. ज्याच्यावर पाळत ठेवावयाची तो पाळत ठेवणाऱ्याचा कोणी नसतो, आणि 'वर' हे शब्दयोगी अव्यय त्याला क्रियेच्या खाली, तिच्या भाराखाली आणून ठेवते. 'लक्ष' हा शब्द मात्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे : मुलाकडे लक्ष ठेवावे आणि संशयितावर लक्ष ठेवावे, असा भेद सामान्य बोलणारा माणूसही चुकत नाही.

अंगणातील कॅमेरा हे या दृष्टीने विलक्षण उपकरण होय. फाटकाकडे तोंड करून तो अंगणाची राखण करीत असतो. त्याची मान पंधरा-वीस अंश वळविली की तो समोरच्या घराच्या दारावर पाळत ठेवू लागतो. उपकरण तेच, भिंग तेच, मालकाचा हेतूही कदाचित तोच. बदलते ती विभक्ती. ही सीमा मांडणीच्या वेळीच ओळखता आली पाहिजे, आणि ती ओळखावयाची तर कॅमेरा प्रत्यक्षात काय करतो हे आधी पाहिले पाहिजे.

कॅमेरा राखण करतो असे वर म्हटले ते रूढीला धरून. वस्तुतः तो नोंद करतो. जागल्या आरोळी देऊ शकतो, काठी आपटू शकतो, शेजाऱ्याला उठवू शकतो. कॅमेरा यापैकी काही करीत नाही. काही उपकरणे भ्रमणध्वनीवर सूचना पाठवितात हे खरे, परंतु रात्री तीन वाजता ती सूचना वाचणारे कोणी जागे असेल तरच तिचा उपयोग. वृत्तपत्रांतून या उपकरणास 'तिसरा डोळा' म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती याच कारणास्तव फसवी आहे. पुराणातला तिसरा डोळा उघडला की समोरचे भस्म होते. त्यापेक्षा वृत्तपत्रांचेच दुसरे वाक्य अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल : 'घटना सीसीटीव्हीत कैद'. या वाक्यात कैद होते ती घटना. घटना करणारा बहुधा मोकळाच असतो.

नोंद म्हटली की ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ठेवावयाची, हे आधी ठरविले पाहिजे. अंगणात कोणी आले का, एवढेच जाणून घ्यावयाचे आहे? आलेला माणूस ओळखीचा होता का, हे हवे आहे? की पूर्णपणे अनोळखी माणसाची ओळख पुढे पोलिसांस पटविता यावी, अशी अपेक्षा आहे? हे तीन प्रश्न एकच नव्हेत. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या आयईसी ६२६७६ या मानकाच्या चौथ्या भागात (२०१४) त्यांच्यासाठी वेगवेगळी मापे दिलेली आहेत. दृश्यातील प्रत्येक मीटर रुंदीला चित्रात किती चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, मिळतात हा त्यांचा पाया. कोणीतरी आहे एवढे कळण्यास मीटरला २५ बिंदू पुरतात. अंगावरील कपड्यांची ठेवण, चालण्याची ढब असे काही विशेष टिपण्यास ६२.५ लागतात. पूर्वी पाहिलेला माणूस तोच का, हे सांगण्यास १२५; आणि कधीही न पाहिलेल्या माणसाची ओळख निःशंकपणे पटविण्यास २५०.

मराठी भाषकास या पायऱ्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. चाहूल लागणे, दिसणे, ओळखू येणे आणि ओळख पटणे ही चार क्रियापदे तोच चढता क्रम सांगतात. विशेषतः शेवटच्या दोहोंमधील भेद लक्षणीय आहे. 'ओळखू येणे' याला पाहणाऱ्याची पूर्वओळख लागते. घरच्या माणसाला आपला गडी पाठमोरा दिसला तरी ओळखू येतो. 'ओळख पटणे' ही क्रिया मात्र त्रयस्थाच्या संदर्भात घडते, आणि तिच्यामागे पुरावा असावा लागतो. कॅमेरा विकत घेणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा चौथ्या क्रियापदाची असते आणि त्यांनी केलेली मांडणी दुसऱ्या क्रियापदापुरतीच असते. चोरीनंतर पडद्यावर एक पांढुरकी आकृती फाटकातून आत येते, मोटारसायकल ढकलीत नेते, आणि घरातले सर्वजण ती पुन्हापुन्हा पाहूनही कोण होते हे सांगू शकत नाहीत, याचे कारण बहुतांशी हेच.

हे गणित कोणासही करता येते. ओसरीच्या भिंतीपासून फाटक ८ मीटर अंतरावर आहे असे समजू. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या साध्या कॅमेऱ्याचे भिंग २.८ मिलिमीटरचे असते; त्याचा आडवा दृक्कोन सुमारे १०५ अंश धरला तर फाटकाच्या रेषेवर जवळजवळ २१ मीटर रुंदीचे दृश्य चित्रात मावते. चित्राची रुंदी १९२० बिंदूंची असेल तर मीटरला ९२ बिंदू पडतात. म्हणजे माणूस दिसेल, त्याचा सदरा दिसेल. ओळख मात्र पटणार नाही. त्याच जागी ६ मिलिमीटरचे, सुमारे ५२ अंशांच्या कोनाचे भिंग लावले तर ७.८ मीटर रुंदीचेच दृश्य येते आणि मीटरला २४६ बिंदू मिळतात; चौथी पायरी जवळजवळ गाठली जाते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या मांडणीत जे २१ मीटर दिसत होते, त्यांत आपले फाटक फार तर तीन-चार मीटरांचे. उरलेले सतरा मीटर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे आणि रस्त्याचे होते. अरुंद भिंगाने आपले काम अधिक चांगले होते आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणेही आपोआप कमी होते. विक्रेता 'अधिक दिसेल' हा गुण म्हणून सांगतो. अंगणाच्या बाबतीत तो बहुधा दोष असतो. संपूर्ण अंगण एका दृष्टिक्षेपात हवेच असेल तर रुंद भिंगाचा दुसरा कॅमेरा आतल्या बाजूस, वाहन उभे राहते त्या जागेवर रोखून लावावा. त्याच्याकडून ओळखीची अपेक्षा करू नये.

उंचीच्या बाबतीतही असाच एक गैरसमज आढळतो. कॅमेरा कोणाच्या हाताला लागू नये म्हणून तो दुसऱ्या मजल्याच्या सज्जाखाली टांगतात. तेथून टोप्या, फेटे आणि डोक्यावरचे पदर उत्तम दिसतात. चेहरा हवा असेल तर अडीच ते तीन मीटर उंची पुरेशी आहे, आणि भिंगाची दिशा जितकी कमी झुकेल तितकी बरी. या भागात पूर्वाभिमुख घर चांगले मानण्याची चाल आहे. त्यामुळे फाटकाकडे पाहणारा कॅमेरा सकाळी थेट सूर्याकडे पाहतो आणि आत येणारा माणूस काळी सावली होऊन बसतो. उजेड आणि अंधार यांतील मोठे अंतर सावरून घेणारी सोय काही उपकरणांत असते. नसेल तर कॅमेरा फाटकाच्या समोर न लावता अंगणाच्या एका कोपऱ्यात तिरका लावणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे.

रात्रीची स्थिती निराळी. बहुतेक कॅमेरे अवरक्त किरणांचा स्वतःचा प्रकाश टाकतात. त्यांतील ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे अंधारात मंद तांबडे दिसतात, ९४० नॅनोमीटरचे डोळ्यांस दिसत नाहीत, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो. अवरक्त प्रकाशात घेतलेले चित्र कृष्णधवल असते, एवढेच सर्वांस ठाऊक असते. त्यातील काळेपांढरे आपल्या डोळ्यांच्या काळ्यापांढऱ्याशी जुळतेच असे नाही, हे ठाऊक नसते. दिवसा काळा दिसणारा सदरा कापडाच्या रंगद्रव्यानुसार रात्री पांढरा उमटू शकतो. 'पांढऱ्या सदऱ्यातला माणूस' असे वर्णन देऊन फिर्याद लिहविणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. वाहनांच्या क्रमांकपट्ट्या प्रकाश परतविणाऱ्या असतात. त्या या प्रकाशात इतक्या झळकतात की अंक पुसून जातात. क्रमांक वाचता येणे आवश्यक असेल तर फाटकावर एक साधा विजेचा दिवा लावणे हे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर किड्यांचे जे थवे उठतात ते भिंगाजवळून गेले की प्रत्येक किडा पडद्यावर प्रकाशाचा गोळा होतो. आणि किड्यांमागून येणारा कोळी भिंगाच्या कडेलाच जाळे विणतो.

हालचाल झाली की नोंद करावी, या योजनेतही दोन जाती आहेत. एक चित्रातील बिंदूंचा बदल मोजते. तिला कडुनिंबाची हलणारी फांदी आणि चोर यांत फरक करता येत नाही, म्हणून नव्या उपकरणांत माणसाची आकृती निवडून काढण्याची सोय केलेली असते. दुसरी उष्णतेतील फरक टिपते. ही दुसरी जात थंड देशांत तयार झालेल्या सल्ल्यांत फार वाखाणली जाते. वाशीमला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, भिंती आणि फरशी सूर्यास्तानंतरही तापलेल्या असतात, आणि माणसाच्या शरीराची उष्णता सभोवतालच्या उष्णतेपासून वेगळी पडेनाशी होते. त्या दिवसांत हे यंत्र मंद होते. उन्हाळ्यात घरातले लोक गच्चीवर झोपलेले असतात आणि खालचे अंगण सुने असते, त्याच वेळी हा दोष उद्भवावा, हे गैरसोयीचे खरे.

साठवणुकीचे गणित थोडक्यात असे : सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने अखंड नोंद केली तर दिवसाला २१.६ गिगाबाइट लागतात. १ टेराबाइटच्या तबकडीवर एका कॅमेऱ्याचे ४६ दिवस मावतात, चार कॅमेऱ्यांचे साडेअकरा. त्यानंतर जुन्यावर नवे लिहिले जाते, आणि हे कोणासही न सांगता होते. दिवाळीला गावी गेलेले कुटुंब तीन आठवड्यांनी परत आले तर चोरीच्या रात्रीची नोंद तोवर पुसली गेलेली असू शकते. वीजपुरवठा खंडित होण्याचा अनुभव जिल्ह्यात नवा नाही. कॅमेरा, नोंदयंत्र आणि जोडणीचे यंत्र या तिहींना एकाच विद्युत्-साठ्यावर ठेवले नाही तर एक चालू राहून दोन बंद पडतात. वीज परत आल्यावर नोंदयंत्राचे घड्याळ बरोबर आहे ना, हे पाहावे. चुकीच्या वेळेची नोंद नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण ती निरपराध माणसाला त्या जागी उभी करू शकते.

परवलीच्या शब्दाविषयी वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तरी एक घटना नमूद करणे इष्ट आहे. २०१६ साली 'मिराई' या नावाच्या घातक प्रणालीने जगभरच्या घरगुती कॅमेऱ्यांत व नोंदयंत्रांत प्रवेश केला, तो कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी कधी बदललाच नव्हता म्हणून. आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील अनेक मोठ्या संकेतस्थळांची वाट अडवून धरली. भारत सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या किमान अटी घातल्या व त्या एप्रिल २०२५ पासून लागू केल्या. तत्पूर्वी घेतलेली यंत्रे भिंतींवर तशीच आहेत. आपल्या अंगणाची राखण करणारे यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले तर त्याची पाळत आपल्यावरच सुरू होते, हे सांगण्यास व्याकरणाची गरज नाही.

आता सीमेचा प्रश्न. आपले अंगण कोठे संपते? सातबारा आणि नगर भूमापनाचा उतारा एक उत्तर देतात. भिंगाला ते कळत नाही. वाशीमच्या जुन्या वस्तीतील किंवा कारंज्याच्या वाड्यांभोवतालच्या बोळांत दोन घरांची दारे चार-पाच पावलांवर समोरासमोर असतात. समोरच्या घरात कोण केव्हा आले, सून माहेरी कधी गेली, दुपारी नळावर कोण कोणाशी बोलत उभे होते, हे सर्व पूर्वीही शेजाऱ्यास दिसत होतेच, असा एक युक्तिवाद केला जातो. तो तितकासा टिकणारा नाही. शेजारी पाहत होता तसा तो दिसतही होता. पाहणे परस्पर होते. शिवाय शेजारी विसरतो. कॅमेरा पाहतो आणि दिसत नाही, अथवा दिसला तरी तो कोण पाहत आहे हे कळत नाही. आणि ४६ दिवस तो काहीही विसरत नाही.

उंबरठ्याच्या अलीकडे सत्तेने किती यावे, हा प्रश्न या भूमीला अगदीच अपरिचित नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथून दिलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, आणि पुढे वा. वि. मिराशी यांच्या वाकाटक लेखांच्या संग्रहात (१९६३) समाविष्ट झाला. वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची भाषिक रचना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्या प्राकृत भागात दान दिलेल्या गावास ज्या सवलती सांगितल्या आहेत त्यांत राजाच्या भटांनी गावात प्रवेश करू नये, ही एक आहे. यावरून खाजगीपणाचा आजचा अधिकार चौथ्या शतकात मान्य होता असे अनुमान काढणे भाबडेपणाचे होईल. ती करविषयक व प्रशासकीय सवलत होती, आणि ती दानग्रहण करणाऱ्या ब्राह्मणांसाठी होती. मात्र प्रवेश न करणे हीसुद्धा देण्याजोगी गोष्ट आहे, ही कल्पना तीत आहे खरी.

आजचा कायदा या बाबतीत अर्धाच बोलतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण अधिनियमाने मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती प्रयोजनासाठी केलेली माहितीची हाताळणी आपल्या कक्षेबाहेर ठेवली. घरगुती कॅमेरा या सवलतीत बसतो हे उघड दिसते. तो रस्त्यावर रोखला तरी बसतो काय, हे कलमाच्या शब्दांवरून निश्चित होत नाही. युरोपात हा प्रश्न सुटलेला आहे. चेक प्रजासत्ताकातील एका गृहस्थाने घरावर हल्ले होत म्हणून छपराखाली कॅमेरा लावला. त्यात पदपथ व समोरच्या घराचे दार येत होते. ऑक्टोबर २००७ मधील एका रात्री गलोलीने खिडकी फोडणारे त्यात टिपलेही गेले. तरीही युरोपीय संघाच्या न्यायालयाने ११ डिसेंबर २०१४ रोजी असा निर्णय दिला की, सार्वजनिक जागेवर जाणारी नजर ही निव्वळ घरगुती नव्हे. घराचे रक्षण हे योग्य कारण असू शकते, हेही त्याच निर्णयात मान्य केलेले आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयापुढे २०२१ साली आलेल्या वादात तर घराच्या वाटेवर लावलेला कॅमेराच होता. तेथे चित्रापेक्षा ध्वनी अधिक आक्षेपार्ह ठरला. चित्राच्या कितीतरी पलीकडचे शेजाऱ्यांचे बोलणे यंत्र टिपीत होते, आणि चोरी रोखण्यास त्याची गरज नव्हती. भाषेच्या अभ्यासकाने या निरीक्षणाशी सहमत व्हावयास हरकत नाही. माणसाचे येणेजाणे रस्ता पाहतो. त्याचे बोलणे मात्र ज्याच्यासाठी केले त्याच्यासाठीच असते. आपल्याकडील बहुतेक कॅमेऱ्यांत ध्वनी बंद करण्याची सोय आहे आणि ती वापरली जात नाही.

याहूनही नाजूक प्रसंग सामायिक अंगणाचा. वाटण्या झालेल्या वाड्यात खोल्या वेगळ्या होतात, चुली वेगळ्या होतात, आणि विहीर, फाटक व अंगण सामायिक राहते. भावाभावांत वाद असेल तर एकाने लावलेला कॅमेरा चोरासाठी आहे असे दुसऱ्याला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. त्याला तो आपल्या बायकामुलींवरचा डोळा वाटतो, आणि पुष्कळदा त्याचे वाटणे खरे असते. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या अशाच वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली असे ठरविले की, सहनिवासी व्यक्तीच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवणे हा तिच्या खाजगीपणाचा भंग होय. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. तो वाद घराच्या आतील भागासंबंधीचा होता. अंगणाला तोच न्याय लावावा का, याविषयी मतभेद संभवतो. परंतु ज्या अंगणात न्हाणीघराची वाट आहे, ज्यात उन्हाळ्यात बाजा टाकून घरची माणसे झोपतात, ते अंगण राहत्या भागाबाहेरचे मानणे वऱ्हाडातील घराला न ओळखण्यासारखे होईल. अशा ठिकाणी कॅमेरा फाटकाच्या आतून बाहेर न रोखता फाटकावरून केवळ उंबऱ्याच्या पट्ट्यावर, जवळजवळ उभा खाली रोखावा; चेहरा थोडा कमी दिसेल, पण तो ज्याच्यावर रोखला आहे त्याच्याविषयी वाद राहणार नाही. चित्राचा ठराविक भाग कायम काळा ठेवण्याची सोयही यंत्रात असते. शेजाऱ्याला बोलावून तो काळा भाग पडद्यावर दाखवावा. परदेशी मार्गदर्शिकांत फलक लावण्याचा सल्ला असतो; आपल्याकडे शेजारधर्माची रीत अशी की, आधी सांगून मग खिळा ठोकावा.

राहिला पुराव्याचा प्रश्न. नोंद आहे म्हणजे पुरावा आहे, ही समजूत किती महाग पडू शकते हे जालन्याच्या एका खटल्यावरून दिसते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर चालू असलेल्या चित्रणात ते दिसते असे त्यांचे म्हणणे होते. चित्रण होते, त्याच्या तबकड्याही मिळाल्या. परंतु भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अधिकारी वारंवार मागूनही देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय १४ जुलै २०२० रोजी आला, तेव्हा त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. न्यायालयाने सांगितले ते असे : मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून दाखविले तर प्रमाणपत्राची गरज नाही; प्रत सादर करावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे; आणि ते देणे ज्याच्या हाती आहे तो देत नसेल तर न्यायालयाकडे मागणी करता येते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून त्याचे कलम ६३ या प्रमाणपत्राविषयी आहे. प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिला आहे. त्याचा एक भाग प्रत सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. त्यात त्या संगणकीय फाइलचे 'हॅश' मूल्य नोंदवावे लागते. फाइलमधील एक बिंदू जरी बदलला तरी हे मूल्य बदलते, म्हणून ते प्रतीच्या अस्सलपणाची मोहोर म्हणून वापरतात. चोरी झालेल्या घरात सामान्यतः काय घडते? कोणीतरी पडद्यासमोर भ्रमणध्वनी धरून चित्रणाचे चित्रण करतो, ते गावभर फिरते, आणि मूळ नोंद बारा दिवसांनी पुसली जाते. त्याऐवजी नोंदयंत्रातूनच ती फाइल काढून स्वच्छ साठवणीवर घ्यावी, यंत्राचे घड्याळ त्या क्षणी खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे वा मागे आहे हे कागदावर लिहून ठेवावे, आणि पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत नोंदयंत्र बंद करून बाजूस ठेवावे. फाइल गावभर फिरविण्याचा दुसरा धोका असा की, त्यातील अस्पष्ट आकृती कोणालातरी 'ओळखू येते'. मीटरला ९२ बिंदूंच्या चित्रावरून गावाने एखाद्या मजुरावर बोट ठेवले तर ते बोट परत घेणे फार कठीण जाते.

मांडणी नीट झाली की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. रात्री दिवे मालवून घरातील एकाने एक मीटरची काठी घेऊन फाटकात उभे राहावे. चित्रण स्थिर करून काठीच्या दोन टोकांमध्ये किती बिंदू पडतात ते मोजावे. मग ज्याने त्या माणसाला कधी पाहिलेले नाही अशा कोणाला तरी, पाहुण्याला किंवा पलीकडच्या आळीतील मुलाला, ते चित्र दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी चार माणसांतून तो माणूस निवडण्यास सांगावे. त्याच चित्रात समोरच्या घराचे दार, खिडकी किंवा अंगण दिसत असेल तर भिंग त्याच रात्री फिरवावे. हा प्रयोग वर्षातून दोनदा करावा : एकदा पहिल्या पावसानंतर, जाळी-जळमटे काढून झाल्यावर, आणि एकदा सोयाबीन घरात येण्यापूर्वी, कारण तोवर कडुनिंबाची फांदी पुन्हा भिंगापुढे आलेली असते.